वहिनी, खटका आणि आजोबांचे गुडघे

वहिनीचा दिवस साडेचारला सुरू व्हायचा. उठली की आधी बादली भरायची, तिच्यात पाणी तापवायचा रॉड सोडायचा, मग दादाच्या अंगावरचं पांघरूण ओढायचं. पाणी तापलं तरी लगेच हात घालायचा नाही. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, पिन खिडकीत डोळ्यांसमोर, आणि मगच पाण्यात बोट. एकदा दादाने झोपेत हा क्रम उलटा केला. काही झालं नाही, पण त्या दिवशी पाण्यापेक्षा बोलणी जास्त गरम होती, असं तो अजून सांगतो.

दादा माझा थोरला भाऊ. तो खणायचा. वहिनी वीजकाम करायची. मी गवंडी. तिघांचं घर एक, आणि पुष्कळदा कामही एकाच ठिकाणी. आता मी घरी बसून आहे, हात रिकामे आहेत, म्हणून वहिनीबद्दल लिहितो. तिला विचारलं तर म्हणाली, "लिहा, पण फार चांगली करून लिहू नका. लोक ओळखणार नाहीत."

लग्नाआधी ती मोटारी भरायच्या दुकानात होती. पाण्याच्या पंपाची मोटार जळली की आतली काळी पडलेली तार उपसायची आणि नवी गुंडाळायची. बोटं सोलून निघायची. मोटार कशाने जळली हे ती वासावरून सांगायची. लग्नानंतर घरांची वायरिंग करू लागली, आणि गिऱ्हाइकांची पंचाईत सुरू झाली. नवरा-बायको दोघं दारात उभे राहिले की गिऱ्हाईक दादाशी बोलायचं. "मिस्त्री, ही लाइन भार घेईल का?"

दादाचं विजेचं ज्ञान बल्ब बदलण्यापर्यंत, तेही वहिनी घरी नसेल तर. पण चेहरा भारदस्त. तो फावडं जमिनीत रोवायचा, वर आभाळाकडे बघायचा आणि म्हणायचा, "हं. बघावं लागेल." गिऱ्हाइकाचं समाधान व्हायचं. मागून वहिनी खरं उत्तर द्यायची, दादा मान डोलवायचा, आणि गिऱ्हाईक दादाला म्हणायचं, "बायकोला चांगलं तयार केलंत तुम्ही." यावर दादा कधी हो म्हणाला नाही. नाही पण म्हणाला नाही.

वहिनीची एक पद्धत होती. एखाद्या तारेत वीज आहे की नाही हे बघायचं तर ती टेस्टर आधी चालू असलेल्या बोर्डाला लावायची. टेस्टर पेटला म्हणजे टेस्टर शाबूत. मग शंका असलेल्या तारेला. मग परत चालू बोर्डाला, कारण मधल्या मधे टेस्टरच मेला असेल तर? घाईच्या माणसाला हा वेळकाढूपणा वाटतो. असे दोन घाईचे मिस्त्री माझ्या ओळखीचे होते. आता नाहीत.

हीच पद्धत ती माणसांना लावायची. आधी तिला माहीत असलेलं विचारायचं, मग माहीत नसलेलं, मग परत माहीत असलेलं. दादा उशिरा घरी आला की ती सहज विचारल्यासारखं विचारायची, "आज वाळू कमी पडली ना?" दादा म्हणायचा, हो. "येताना पत्ते कुटायला बसलात?" छे, म्हणायचा. "आणि ही चप्पल तुमचीच ना?" दादा खाली बघायचा. एका पायात दुसऱ्या कुणाची तरी असायची.

सोफेवाल्यांचं काम आलं तेव्हा आम्ही तिघं एकत्र होतो. त्यांचं सोफे आणि पलंगांचं दुकान होतं, म्हणून आमच्यात त्यांचं नाव सोफेवाले. घरामागे मोठी बाग. बागेत पोहायचा तलाव करायचा होता. टाकी मी बांधायची, चर दादाने खणायचा, आणि पंप, पाण्यातले दिवे, बागेतली वीज वहिनीने बघायची.

घरातल्या मोठ्या बोर्डापासून बागेच्या टोकाच्या पंपघरापर्यंत चर. वरची वीतभर माती कुणीही खणतो. खालची खणताना माणूस कळतो. मुरूम लागला, मग झाडाची मुळं लागली, मग कुठल्या तरी जुन्या भिंतीचा पाया लागला. दादा मांडीपर्यंत आत गेला होता तेव्हा सोफेवाले काठावर येऊन म्हणाले, एवढं खोल कशाला, केबल तर मनगटाएवढीसुद्धा नाही. दादा म्हणाला, "हं." वहिनी म्हणाली, "केबल बारीक आहे, पण माळ्याची कुदळ लांब आहे."

तिने चराच्या तळाला वाळू पसरली. तिच्यावर पोलादी तारांचं कवच असलेली केबल. वर परत वाळू, वाळूवर आडव्या विटा, मग माती, मातीत पिवळी पट्टी, मग उरलेली माती. उद्या कुणी गुलाब लावायला खणलं तर आधी पट्टी दिसावी, मग वीट लागावी, आणि तेवढ्यात अक्कल यावी, असा तिचा हिशेब. बाहेरच्या दिव्यांना तिने साधी वीज दिलीच नाही. पंपघरात एक पेटी बसवली, ती वीज इतकी कमी करून पाण्यातल्या दिव्यांना देई की धक्का बसायला जोरच उरत नसे.

माझ्यावरही तिचा वचक होता. तलावाच्या तळाच्या सळ्या बांधून झाल्या, काँक्रीट कालवून तयार, आणि वहिनी आडवी आली. सळ्या, उतरायची शिडी, कठडा, पंप, जेवढं म्हणून लोखंड आहे तेवढं एका जाड हिरव्या तारेने एकमेकांना बांधून जमिनीत न्यायचं होतं, आणि त्याचा क्लॅम्प दुकानातून यायचा होता. मी म्हणालो, काँक्रीट कुणासाठी थांबत नाही. ती म्हणाली, "मग तुम्ही थांबायचं होतं, भाऊजी." शेवटी तो माल आम्ही बागेतल्या पायवाटेवर ओतला. पायवाट झकास झाली. त्याचं श्रेय पण सोफेवाल्यांनी दादाला दिलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचा तो खटका. घरातल्या बोर्डात, बागेच्या लाइनवर तिने बसवलेला. तो काय करतो ते तिने सोफेवाल्यांना सांगितलं होतं. बागेत जेवढी वीज जाते तेवढीच परत येते की नाही हे तो सतत मोजत बसतो. थोडीशी जरी वाट सोडून गेली, पाण्यात, ओल्या जमिनीत किंवा एखाद्या माणसात, की डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं बंद. सोफेवाल्यांनी मान डोलवली होती. दादानेही.

तलाव भरला. पंप चालला. दिवे लागले. बागेत हिरवळ अंथरून झाली. सोफेवाल्यांची मुलं सुट्टीत आत्याकडे गेली होती, ती रविवारी येऊन पाण्यात उतरली की राहिलेली मजुरी मिळायची होती. तिचं काय करायचं हे वहिनीने मनात ठरवून ठेवलं होतं आणि कुणाला सांगत नव्हती. दादाला वाटत होतं शिलाई मशीन. मला वाटत होतं बांगड्या. ती नुसती हसायची.

सोमवारी दिवेलागणीला सोफेवाल्यांचा फोन. खटका पडला, बाग अंधारात. वहिनी गेली, खटका वर केला, सगळं सुरळीत. मंगळवारी परत तेच, तीच वेळ. बुधवारी ती सकाळपासून मेगर घेऊन बसली. मेगर म्हणजे तारेतून वीज कुठे गळते का ते बघायचं यंत्र. केबल सोडवून तपासली, पंप वेगळा तपासला, दिवे एकेक करून तपासले. सगळं धुतल्या तांदळासारखं. संध्याकाळी खटका पडला.

सोफेवाले चिडले, आणि चिडलेला माणूस जवळ जो सापडेल त्याला धरतो. आधी दादाला धरलं. केबलला फावडं लागलं असणार, चर उघडा. वर नवी हिरवळ, खाली विटा, खाली वाळू. दादाचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा खरोखर भारदस्त झाला. मग मला धरलं. तुमचा गिलावा झिरपतोय. मी म्हणालो, माझा गिलावा झिरपला तर मी मिशी काढीन. मला तेव्हा मिशी होती. शेवटी ते मुद्द्यावर आले. हा खटकाच नको. पूर्वी कुठे असले खटके होते, लोक जगतच होते ना. शनिवारी दुपारपर्यंत दोष सापडला तर ठीक. नाहीतर दुसरा मिस्त्री येईल, खटका काढून लाइन सरळ जोडेल, आणि राहिलेली मजुरी त्याची.

घरी येताना दादा मजुरीबद्दल पुटपुटत होता. वहिनीने ते कानाआड केलं. तिचं म्हणणं एवढंच की कुठेतरी वीज खरोखर गळते आहे, म्हणून खटका पडतो. तो काढला तर गळणं थांबणार नाही, फक्त कळणं थांबेल. आणि रविवारी मुलं पाण्यात.

"पण सापडत तर काही नाही," मी म्हणालो.

"तारेला घड्याळ कळत नाही, भाऊजी," ती म्हणाली. "जे रोज दिवेलागणीला होतं ते माणूस करतो."

शुक्रवारी ती बटणं तपासायच्या निमित्ताने घरभर फिरली आणि प्रत्येकाला तीन-तीन प्रश्न विचारत सुटली. माळ्याला विचारलं, त्याने गवत कापायचं यंत्र आठवडाभर बाहेरच काढलं नव्हतं. मालकीणबाईंना विचारलं, त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून हलत नव्हत्या. मग राहिले आजोबा.

आजोबा म्हणजे सोफेवाल्यांचे वडील. त्यांचे गुडघे आमच्या सगळ्यांच्या ओळखीचे होते. कामाच्या पहिल्या दिवशी त्यांनी आमचं नाव विचारायच्या आधी गुडघ्यांची हकिकत सांगितली. दूधवाल्याला सांगायचे, पेपर टाकणाऱ्याला सांगायचे, रस्ता चुकून आत आलेल्या माणसाला बसवून सांगायचे. डावा कसा करकरतो, उजवा कसा आधी सुजतो. मला ते गुडघे माझ्या गुडघ्यांपेक्षा जास्त माहीत होते. तलाव तयार झाल्यावर मुलाने त्यांना ताकीद दिली होती, काठाला जायचं नाही, घसरून पडाल.

वहिनीने विचारलं, "आजोबा, गुडघे कसे आहेत?"

"उत्तम," आजोबा म्हणाले. "काही तक्रार नाही."

वहिनीने पुढचा प्रश्न विचारलाच नाही. पंपघराजवळ मी होतो तिथे आली आणि म्हणाली, "भाऊजी, टेस्टर पेटला नाही."

संध्याकाळ होत आली तशी तिने पंपघरातल्या छोट्या बोर्डातून बाहेरच्या भिंतीवरच्या सॉकेटची वीज तोडली आणि बोर्डाला स्वतःचं कुलूप घातलं. ते सॉकेट माळ्याच्या यंत्रासाठी होतं, पाण्यापासून लांब, झाकणाचं. बाकी पंप चालू, दिवे चालू. मग आम्ही तिघं पंपघराच्या मागे दबा धरून बसलो. दादा नेमका मुंग्यांच्या वारुळावर बसला. त्याला हलता येईना आणि बोलता येईना. त्याने काढलेले आवाज मी लिहीत नाही.

आजोबा आले. वर कोट, खाली अर्धी चड्डी, गळ्यात टॉवेल, खांद्यावर लांब वायरीचं भेंडोळं. चालत होते जपून, पण निघाले होते मोठ्या उमेदीने. त्यांनी सॉकेटचं झाकण उघडून पिन खोचली, वायर ओढत तलावापर्यंत आणली, कोटाच्या आतून एक रॉड काढला, वायरीच्या टोकाला जोडला आणि उतरायच्या शिडीला टांगून पाण्यात सोडला. बादलीत सोडतात तो रॉड. मग सगळ्यात वरच्या पायरीवर बसले, पाय पाण्यात सोडले आणि वाट बघू लागले.

थोड्या वेळाने त्यांनी बोट बुडवून बघितलं. रॉड शिडीच्या दुसऱ्या बाजूला टांगला. परत बोट बुडवलं.

"एवढा तलाव तापायचा म्हणजे मे महिना उजाडेल," दादा माझ्या कानात म्हणाला, आणि तिथेच त्याचा मुंग्यांपुढे निभाव लागेना. तो उठून नाचायला लागला. मग आम्हाला लपून उपयोग नव्हता.

आजोबांनी रॉड कोटात लपवायचा प्रयत्न केला. कोटातून पाणी गळायला लागलं. वहिनी त्यांच्या शेजारी काठावर बसली आणि हात पुढे केला. त्यांनी मुकाट्याने रॉड तिच्या हातात दिला. जुनाट रॉड, पांढरी पुटं चढलेली, एका जागी चीर. रोज रॉड पाण्यात गेला की चिरेतून वीज बाहेर, ती लोखंडी शिडीत, शिडीतून त्या हिरव्या तारेत, आणि घरात खटका खाली. ज्या तारेसाठी तिने माझं काँक्रीट थांबवलं होतं ती हीच. रॉड नवा असता तरी माणसासकट पाण्यात सोडायची ती वस्तू नाही, हेही तिने सांगितलं.

"रोज मेलं काहीतरी बंद पडायचं," आजोबा म्हणाले. "मला वाटायचं तुमचं काम कच्चं आहे."

"रोज ते बंद पडत होतं, म्हणून तुम्ही रोज घरात परत जात होता," वहिनी म्हणाली.

हे त्यांच्या डोक्यात उतरायला वेळ लागला. उतरलं तेव्हा त्यांनी पाय पाण्यातून काढून घेतले आणि टॉवेलने पुसत बसले, एकच पाय, परत परत. मग हळूच म्हणाले, मुलाला सांगू नकोस, पोरी. तो मला बागेतसुद्धा येऊ देणार नाही.

"मी नाही सांगणार," वहिनी म्हणाली. "तुम्ही सांगायचं. उद्या दुपारपर्यंत."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर तो खटका निघेल, आणि परवा तुमची नातवंडं याच शिडीवरून उतरतील."

घरी येताना मी तिला विचारलं, म्हातारा घाबरून गप्प बसला तर? तिने पिशवीवर थाप मारली. रॉड पिशवीत होता. ते बोलले नाहीत तर हा बोलेल, म्हणाली. पण आधी त्यांची पाळी.

शनिवारी सकाळ गेली. आजोबा आपल्या खोलीतून बाहेरच आले नाहीत. दुपारी नवा मिस्त्री आला. हसतमुख माणूस, कानावर पेन्सिल, तोंडात शीळ. सांगाल ते करतो, म्हणाला. त्याने घरातला मुख्य खटका पाडला, बोर्डाचं झाकण उघडलं आणि पेचकस काढला. सोफेवाले दादाला म्हणाले, "मिस्त्री, तुम्हाला पुरेसा वेळ दिला होता." दादा आभाळाकडे बघायला गेला, पण वर छत होतं.

तेवढ्यात आजोबा भिंत धरत बाहेर आले आणि खुर्चीत बसले. पेचकसाकडे बघत होते. बोलत मात्र नव्हते. वहिनीने पिशवी हातात घेतली, पण उघडली नाही. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आजोबा, गुडघे कसे आहेत?"

मालकीणबाई स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. नव्या मिस्त्रीची शीळ थांबली.

"दुखतात," आजोबा म्हणाले. "फार दुखतात. डावा करकरतो, आणि उजवा आधी सुजतो."

"आणि संध्याकाळी तलावाच्या शिडीला काय टांगत होता?"

"रॉड. पाणी तापवायचा."

सोफेवाले आधी हसले. बाप चेष्टा करतोय असं वाटलं त्यांना. मग वहिनीने पिशवीतून रॉड काढून टेबलावर ठेवला. सोफेवाले स्वतःच्याच दुकानातल्या सोफ्यावर बसले. म्हणाले, "बाबा, एवढा तलाव एका रॉडने तापतो का?"

"एवढा कुठे तापवायचा होता?" आजोबा म्हणाले. "माझ्यापुरता कोपरा."

वहिनीचा तिसरा प्रश्न राहिला होता. पद्धत म्हणजे पद्धत. "आजोबा, दोरीवर वाळत घातलेला तो कोट तुमचाच ना?"

"माझाच. आणि अजून वाळला नाही."

नव्या मिस्त्रीने विचारलं नाही, सांगितलं नाही, बोर्डाचं झाकण लावून टाकलं. त्याच्या घरीही म्हातारे वडील होते, आणि त्यांनाही कल्पना सुचायच्या, एवढंच म्हणाला. चहा पिऊन गेला. सोफेवाल्यांनी वडिलांना बोलायला तोंड उघडलं होतं, पण मालकीणबाईंनी त्यांना थांबवलं आणि उलट त्यांचीच हजेरी घेतली. गुडघ्यांची हकिकत गावभर ऐकवावी लागते, कारण घरात कुणी ऐकत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याच संध्याकाळी दुकानातून एक आरामखुर्ची आली आणि कुठून तरी एक मोठा पसरट टब.

रविवारी मुलं पाण्यात उतरली. दिवसभर उड्या. खटका हलला नाही. काठापासून लांब, झाडाखाली, आजोबा आरामखुर्चीत बसले होते. पाय टबात. टबात न्हाणीघरातून बादल्यांनी आणलेलं गरम पाणी. मुलं दमून बाहेर आली की त्यांना पकडून उजव्या गुडघ्याबद्दल सांगत होते. मुलं परत पाण्यात पळत होती.

सोफेवाले मजुरी द्यायला आले तेव्हा सवयीने दादापुढे हात केला. दादाने फावडं रोवलं. आभाळाकडे बघितलं. "हं," म्हणाला आणि अंगठ्याने मागे उभ्या असलेल्या वहिनीकडे दाखवलं. सोफेवाले जरा गोंधळले, मग दादाला वळसा घालून तिच्याकडे गेले. इतक्या वर्षांत दादाला वळसा घालून गेलेलं ते पहिलं गिऱ्हाईक.

त्या मजुरीचा गिझर आला. शिलाई मशीन नाही, बांगड्या नाहीत. लोकांच्या न्हाणीघरांत तिने कितीतरी गिझर बसवले होते, आणि आमच्या घरी बादली आणि रॉड. तिने त्याला वेगळी लाइन ओढली, वेगळा खटका बसवला, टेस्टर तीनदा लावला, आणि आमच्या रॉडची वायर कात्रीने कापून तो भंगारात टाकला.

पहिली आंघोळ दादाची. तो आत गेला तो गेलाच. वहिनी दाराबाहेर उभी राहिली.

"अहो, आत तुम्हीच ना?"

हो, असा आवाज आला.

"आज बाहेर यायचा विचार आहे का?"

नुसतं पाणी पडत होतं.

"बरं, पाठ कशी आहे?"

दादाची पाठ खणून खणून कायमची धरलेली. तिच्याबद्दल बोलला नाही असा त्याचा एक दिवस मला आठवत नाही.

"उत्तम," आतून दादा म्हणाला. "काही तक्रार नाही."

वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि बाहेरून गिझरचं बटण बंद केलं.